स्वतःची लीग भरवावी, की दुसऱ्यांच्या लीगमध्ये उतरावं?

चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत 'खेळातून सुवार्ता', म्हणजे खेळाच्या निमित्ताने येशूचा संदेश पोहोचवणं, हा विषय निघाला की चर्चा हमखास इथेच अडते. चर्चने स्वतःची फुटबॉल लीग भरवायची, की परिसरात आधीच चालू असलेल्या लीगमध्ये आपला एक संघ घालायचा? मी दोन्हीकडे राबलोय. कल कुठे आहे ते लपणार नाही म्हणा.

स्वतःच्या लीगचं सुख म्हणजे सगळं आपल्या हातात. रविवारची उपासना सांभाळून सामने लावता येतात, प्रत्येक मुलाला खेळायला मिळालंच पाहिजे असा नियम करता येतो, मध्यंतरात पाच मिनिटांचा संदेश ठेवता येतो. संदेश असणार हे नावनोंदणीच्या वेळीच पालकांना स्पष्ट सांगितलं, तर कुणाची तक्रारही नसते.

माझं मन उडालं ते शिट्टीवरून. रेफरी आपल्या चर्चमधलेच, कारण ते फुकट येतात. एखादी पेनल्टी वादग्रस्त ठरली की समोरचा कप्तान रेफरीशी भांडतच नाही. तो थेट रेषेबाहेर खुर्चीत बसलेल्या पाळकसाहेबांकडे बघतो. "मैदान तुमचं, शिट्टीपण तुमचीच!" मग मध्यंतरात संदेश द्यायला उभं राहायचं, तर समोर हाताची घडी घातलेली अकरा पोरं. अशा वेळी प्रीतीवर काय बोलणार? बाहेरचा रेफरी आणून पाहिला, तर प्रश्न आला, "त्याला पैसे कोण देतं?" तेही खरंच. यजमानही आपण आणि न्यायाधीशही आपण, हे फार दिवस जमत नाही, असं आपलं माझं मत.

दुसऱ्यांच्या लीगमध्ये तीच पेनल्टी आपल्याविरुद्ध जाते. आपला बचावपटू दोन्ही हात वर करून रेफरीकडे धावतो, मध्येच थांबतो आणि मुकाट्याने गोलरेषेकडे वळतो. हे समोरचे बघतात. सामना संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडताना ज्या गप्पा होतात, त्या मला कुठल्याही मध्यंतरात मिळाल्या नाहीत. घरात आजारपण आलं तेव्हा प्रार्थनेसाठी फोन समोरच्या संघातल्यांनी केले, आपणहून.

सूत्रं हातात ठेवण्याचा मोह जुनाच आहे. इंग्लंडमधला बोल्टन वाँडरर्स हा फुटबॉल क्लब १८७४ मध्ये एका चर्चच्या रविवारच्या शाळेतून निघाला. पाळकांचा हात फार आवळला म्हणून १८७७ मध्ये खेळाडू वेगळे झाले. लिव्हरपूलचा एव्हर्टन क्लबही १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या मेथडिस्ट मंडळीचा संघ म्हणून सुरू झाला. मंडळीबाहेरचे लोक खेळायला येऊ लागले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी नाव बदलून परिसराचं घेतलं. मला यातलं दुसरं उदाहरण जवळचं वाटतं, जरी आज त्या क्लबात चर्च शोधावं लागेल.

दुसऱ्या वाटेवरचे काटेही सांगतो. आपल्या स्ट्रायकरने एक शिवी हासडली की सगळ्या हंगामाची साक्ष पाण्यात. वार्षिक सभेत "यातून किती जण चर्चला आले?" असं विचारलं, तर सांगायला आकडा नसतो. आणि मोठी अडचण रविवारची. स्कॉटिश धावपटू एरिक लिडलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर सोडली, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती, आणि चारशेमध्ये सुवर्ण जिंकलं. पण तो एकटा धावणारा होता. संघातले चौघे उपासनेला गेले, तर उरलेले सात जण काय करणार?

लहान मुलांसाठी मात्र मी अजूनही स्वतःचीच लीग सुचवीन. पालकांची लेखी परवानगी, प्रत्येक गटाबरोबर किमान दोन मोठी माणसं, या गोष्टी आपल्याच छत्राखाली नीट सांभाळता येतात. मोठ्यांचा संघ असेल, तर परिसरातल्या लीगकडे चौकशी करा. फक्त प्रवेश शुल्क भरण्याआधी गेल्या हंगामाचं वेळापत्रक मागून घ्या आणि रविवारी सकाळी किती सामने होते ते मोजा.