वांग्याचं बी टाकावं का तरू आणावा?

कोल्हापूरजवळच्या पाचगावला नवं घर बांधलं आणि धाकट्या मावशीला मागच्या अंगाला सहा बाय दहा फुटांचा मोकळा तुकडा मिळाला. गेल्या आषाढात तिचा फोन आला, "वांगी लावायचीत. बी टाकू का तरू आणू?" मी उलट विचारलं, "कुठलं वांगं खायचंय तुला?" ती म्हणाली, "वांगं ते वांगं, त्यात कुठलं काय?"

निम्मा निकाल इथंच लागला. वांगं ते वांगं म्हणणाऱ्यानं सरळ तरू (म्हणजे लावायला तयार विकतची रोपं) आणावा.

पैशाचा विचार यात धरूच नका. चार माणसांच्या घराला चार-पाच झाडं पुरून उरतात आणि तेवढा तरू चहाच्या एका कपाच्या पैशात येतो. बी तर त्याहून स्वस्त, कारण १ ग्रॅममध्ये दोनशेच्या वर बिया बसतात. पण पाच झाडांसाठी तुम्ही दोनशे बिया घेणार, वीस टाकणार आणि उरलेली पुडी फ्रीजमागं हरवणार. (कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवली तर तीन वर्षं चालते. हरवू नका.)

वेळेचा हिशेब मात्र नीट करा. बी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, रोप वीतभर व्हायला पाच-सहा आठवडे. तिथून पहिलं वांगं तोडायला आणखी साठ-सत्तर दिवस. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांना चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य घरच्या वांग्याचा हवा असेल, तर ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी पडलंच पाहिजे. तरूवाल्यांना ही घाई नाही. सप्टेंबरच्या मध्याला आणून लावला तरी ते त्याच दिवशी भरीत खातील.

म्हणजे बी टाकून दिवस वाचत नाहीत, पाच-सहा आठवड्यांची राखण तेवढी वाढते. आणि कोल्हापुरात ती राखण ऐन ऑगस्टच्या झडीत करायची असते. पहिल्या वर्षी मी कुंडीत बी टाकून ती गच्चीच्या कठड्यावर ठेवली होती. उगवण झकास झाली, हिरवी लव आल्यासारखी. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर निम्मी रोपं आडवी. पानं ताजी, पण मातीला टेकतो तिथं देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, चिमटीत धरल्यावर पाणचट लागणारा. हीच ती रोपं कोलमडणारी मर. माती सतत ओली राहिली आणि रोपं दाट असली की बुरशी तिथंच कापते. पुढच्या वर्षापासून ट्रे पत्र्याच्या वळचणीखाली ठेवतो, उजेड येईल पण धार पडणार नाही असा. चाळलेली माती आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी), बी जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल. पाणी वरची माती सुकल्यावरच. आता वीसातली पंधरा रोपं हाताला लागतात. हे पाच-सहा आठवडे घर सोडून गावाला जायचं असेल तर बियाचा नाद सोडा.

मग बी टाकायचंच कशाला? वाणासाठी. त्यासाठीच, माझ्या मते.

तरूवाला तोच माल ठेवतो जो शेतकरी नेतो, आणि तो बहुतेक संकरित असतो. चकचकीत, एकसारखा, गाडीत न दबणारा. विचारलं तर "काटेरीच आहे, न्या" म्हणतो. मी एकदा आठवडी बाजारातून असाच काटेरी म्हणून तरू आणला आणि दोन महिने खतपाणी घातल्यावर झाडाला लांबडी हिरवी वांगी लटकली. बायकोनं आठवडाभर त्याच्या काचऱ्या केल्या आणि मी मुकाट्यानं खाल्ल्या.

कांदा-लसूण मसाला भरून करायच्या वांग्याला कृष्णाकाठचं काटेरीच लागतं. जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, टोपीला बोटात घुसणारे काटे, आणि चार चिरा देऊनही देठाशी धरून राहणारं. तशाच जातीचं काही हवं असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मांजरी गोटा आणि प्रगती हे वाण आहेत, आणि भरताला फुले हरित, मोठं हिरवं. यांचा तरू सुटा चार-पाच रोपं मागून मिळणं अवघड, बी मात्र मिळतं. जिभेला हा फरक कळत असेल तर पाच-सहा आठवड्यांची राखण जड जात नाही.

तरूच आणायचा ठरला तर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमधला आणा. बाजारात ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी मिळते, तिची मुळं उपटताना तुटलेली असतात. लावल्यावर ती रोपं चार-पाच दिवस माना टाकतात आणि एखाद-दुसरं जातंच. ट्रेतलं रोप मुळासकट गठ्ठ्यानं निघतं. सगळ्यात उंच रोप उचलू नका. ते सावलीत उजेडाला ताणलेलं असतं. बुटकं, जाड देठाचं, चार-पाच पानांचं घ्या. पानं बारकी, गुच्छ झाल्यासारखी दिसली तर तो अख्खा ट्रेच सोडा. तो पर्णगुच्छ रोग, तुडतुडे पसरवतात. त्या झाडाला पुढं फळ धरत नाही.

लावणी झाल्यावर बियाचं रोप आणि विकतचं रोप यांत काही फरक उरत नाही. अंतर दोन-अडीच फूट, कुंडी असेल तर पंधरा इंची, एका कुंडीत एकच झाड. आदल्या हंगामात टोमॅटो किंवा मिरची होती ती जागा टाळा, ही सगळी एकाच घराण्यातली. कोवळा शेंडा अचानक सुकला तर आत अळी आहे. बोटभर खालून कापून टाका, वाट बघू नका. फुलं गळतात म्हणून घाबरू नका. आखूड स्त्रीकेसराची फुलं गळायचीच, फळ धरतं ते लांब केसराच्या फुलाला.

संकरित का देशी, हाही निर्णय आत्ताच घेतलेला बरा. संकरित झाड पहिल्या तोड्यांना भरभरून देतं, पण त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत वांगी नाना तऱ्हेची निघतात. देशी वाणाचं एक चांगलं वांगं झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, गर पाण्यात कुस्करायचा, तळाशी बसेल ते बी सावलीत वाळवायचं. शेजारी दुसऱ्या जातीचं वांगं नसावं, नाहीतर भुंगे भेसळ करतात. आणि बहर ओसरल्यावर झाड उपटू नका. छाटून खत द्या, उसाचा ठेवतो तसा वांग्याचाही खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यावर दुसरं पीक, येतो.

मावशीनं तरूच आणला, चार रोपं. चारही जगली, दिवाळीनंतर वांगीही भरपूर निघाली. पुढच्या वर्षीच्या बियाला म्हणून तिनं एका वांग्याला लाल दोरा बांधला, तेव्हा ते संकरित आहे हे मला सांगावं लागलं. दोन मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्याकडच्या त्या काटेरीचं एक पिवळं कर माझ्यासाठी."