एल-४, एल-५ फ्यूजननंतरचे सहा महिने: ठाण्यातल्या स्पाइन क्लिनिकचा अनुभव

घोडबंदर रोडवरच्या एका स्पाइन क्लिनिकमधल्या सर्जनकडे आमच्या घरातल्या साठीच्या रुग्णाचं कमरेच्या मणक्याचं फ्यूजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडण्याचं ऑपरेशन, झालं. कमरेतला चौथा मणका (एल-४) पाचव्यावर (एल-५) पुढे सरकलेला, त्यामुळे नसेची जागा अरुंद झालेली. थोडं चाललं की दोन्ही पाय जड, बसलं की मोकळे. चार स्क्रू, दोन रॉड आणि मधल्या चकतीच्या (गादीच्या) जागी आधाराला एक छोटा पिंजरा, म्हणजे केज, बसवला. क्लिनिकचं नाव देत नाही. पुढच्या गोष्टी कुठल्याही स्पाइन सर्जनकडे विचारता आणि तपासता याव्यात, म्हणून हे लिहिलं आहे.

सगळ्यात जमेची बाजू म्हणजे ऑपरेशनआधी पाय आणि कंबर यांचा हिशेब वेगळा करून सांगितला. नसेवरचा दाब काढला की पायाच्या दुखण्यात बहुतेकांना चांगला फरक पडतो, कंबरदुखी मात्र किती जाईल ते नक्की सांगता येत नाही. पायातही क्रम असतो. आधी कळ कमी होते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो आणि कधी थोडा राहतोच. हे आधी ठाऊक नसेल तर दुसऱ्या महिन्यात पाऊल बधिर आहे म्हणून घरात ‘ऑपरेशन फसलं’ अशी कुजबुज सुरू होते.

त्याच वेळी ऑस्वेस्ट्रीचा फॉर्म भरून घेतला; कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडचण येते ते तो मोजतो. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण: किती वेळ बसता येतं, झोप किती लागते, वजन किती उचलता येतं. बेरीज पन्नासपैकी, दुप्पट केली की टक्के. तोच फॉर्म सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं की रुग्ण मान डोलावतो. कागदावर ‘अर्धा तासच बसता येतं’ असं लिहावं लागलं की खरी परिस्थिती कळते. तुमच्या सर्जनकडे हा फॉर्म नसेल तर मागून घ्या.

ऑपरेशनची घाईही केली नाही. गादी सरकून पायात उतरणारी सायटिकाची कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने उतरते, आणि मणका सरकलेला असला तरी आधी औषधं आणि फिजिओच. अपवाद ठामपणे सांगितले होते: पाऊल वर उचलता न येणं, लघवी तुंबणं किंवा कळेनाशी होणं, बसायच्या जागेला बधिरपणा. यातलं काहीही झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं.

पूर्वतयारीत एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), व्हिटॅमिन डी, आणि रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. एक प्रश्न मात्र फार थोड्या ठिकाणी विचारतात. ‘तंबाखू खाता का?’ ला घरातल्या बायका सरळ ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी मशेरी लावतात. इथे मशेरीचं वेगळं विचारलं, आणि ती आधी बंद करायला लावली. निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो, मग ते विडीतून येवो की मशेरीतून. स्क्रू फक्त हाडं जागेवर धरून ठेवतात; खरा जोड हाडालाच घालावा लागतो आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं केलं. त्याआधी उठण्याची पद्धत घोटवून घेतली, आणि घरच्यांनी ती शिकणं रुग्णाइतकंच गरजेचं आहे. उताणं असताना दोन्ही गुडघे दुमडायचे. खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. मग पावलं पलंगाच्या कडेवरून खाली सोडायची आणि त्याच क्षणी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून अंग वर घ्यायचं. पायांचं वजन खाली जातं, धड आपसूक वर येतं. चुकतं कुठे, तर प्रेमापोटी कोणीतरी रुग्णाचे दोन्ही हात धरून ओढतं आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. पलंग बुटका असेल तर ही रीत जमतच नाही. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील इतकी उंची हवी. वर आणखी एक घट्ट गादी टाकली तरी भागतं. कमोडला सीट उंच करणारा चार इंची रेझर लावा.

कमरेच्या बेल्टबद्दल सर्जनांची मतं वेगळी आहेत, काही जण फ्यूजननंतर देतच नाहीत. इथे सहा आठवडे दिला, फक्त उठल्या-बसल्यावर, झोपताना नाही. माप पॅंटच्या नंबरावरून घेऊ नका, बेंबीवरून टेप फिरवा. आत सुती बनियन हवाच. ठाण्याच्या दमट हवेत उघड्या अंगावर बेल्ट बांधला की टाक्यांच्या कडेला घामोळं येतं. बसल्यावर बेल्ट वर सरकून बरगडीला टोचत असेल तर तो उंचीला मोठा आहे, घट्ट करून उपयोग नाही, बदलून घ्या.

औषधांच्या बाबतीत क्लिनिक कमी पडलं. नसेच्या दुखण्यासाठी रात्री प्रीगाबालिन होतं. त्याने गुंगी येते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊ शकतो, म्हणून दिवा चालू आणि वॉकर हाताशी हवा. ही गोळी एकदम बंद करायची नसते, टप्प्याटप्प्याने कमी करतात, पण डिस्चार्ज कार्डावर ते टप्पे लिहिलेच नव्हते. फोन करून विचारावं लागलं. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीने बद्धकोष्ठता होते आणि कुंथताना कंबरेत कळ जाते; पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी सुरू करायला हवं, हेही आपणहून कोणी सांगितलं नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणू नका. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि हाड जुळत असताना अशा गोळ्या जास्त दिवस घेऊ नका असं बरेच सर्जन सांगतात. सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत होता. रुग्णाला स्वतःला वाचता येईल असा मराठी कागद नसणं ही ठाण्यात तरी मान्य होण्यासारखी गोष्ट नाही.

फोनला मात्र उत्तर मिळालं, आणि तेही ज्यांना टाके पाहिलेले आठवत होते अशा सिस्टरकडून. ताप, जखमेतून ओल, पोटरीला सूज, किंवा उभं राहिलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, यांपैकी काही असेल तर लगेच कळवायचं. शेवटचं लक्षण बहुतेकांना माहीत नसतं; मणक्यातलं पाणी गळत असण्याची ती खूण असू शकते.

खरा धोका सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आहे. तेव्हा चालणं मोकळं होतं, कळ गेलेली असते, आणि नेमका त्याच वेळी माणूस पाण्याची बादली उचलतो. भरलेली पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. आमच्या सर्जनची मर्यादा तेव्हा दोन-तीन किलोची होती. भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा, तो तर सरकवायचाही नाही. तांदळाचा डबा, कुकर, रोजची भांडी कमरेच्या उंचीला आणून ठेवा. केर-लादी दुसऱ्याने करायची, कारण वाकणं आणि पीळ एकाच हालचालीत येतात.

चालण्यासाठी आम्ही सोसायटीचं पोडियम, म्हणजे पार्किंगवरची सपाट मोकळी जागा, वापरलं. घोडबंदर रोडच्या फुटपाथवर एकसलग सपाट जागा मिळणं कठीण. वाशी-नेरूळकडच्यांना ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाचा सपाट ट्रॅक आहे, त्यांनी जरूर वापरावा. दहा-दहा मिनिटं तीन-चार वेळा, हे एकदम चाळीस मिनिटांपेक्षा चांगलं. फॉलोअपला रिक्षा टाळा. खड्ड्यात रिक्षा आदळते तेव्हा धक्का थेट माकडहाडातून वर जातो. गाडीत पुढची सीट थोडी मागे रेलून बसवा.

फिजिओ चांगला होता: सुरुवातीला घोट्याची हालचाल आणि पोट आत धरणं, बाकी ब्रिजिंग (उताणं झोपून कंबर उचलणं) वगैरे तीन महिन्यांच्या एक्स-रेनंतरच. मोबाइलवर बघून भुजंगासन कोणीही सुरू करू नये. ओपीडीत मात्र तास-दीड तास थांबावं लागतं, आणि तेही खोल, मऊ सोफ्यांवर. मणक्याच्या दवाखान्यात हातांच्या उंच खुर्च्या नसाव्यात हे समजत नाही. तीन वेळा सांगूनही बदल नाही. सोबत कडक उशी न्या, किंवा नंबर लागेपर्यंत फेऱ्या मारा.

विम्याचं थोडक्यात: गादीच्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तारीख आधी बघा. डिस्चार्जच्या वेळी फाईलमध्ये ऑपरेशन नोट, एक्स-रेची सीडी आणि स्क्रू-केजचे बॅच नंबर असलेले स्टिकर आहेत का ते काउंटरवरच तपासा. क्लेमला ते लागतातच. शिवाय पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर टेक्निशियन पहिला प्रश्न आत कुठला धातू आहे हाच विचारतो, आणि टायटॅनियम असल्याचा कागद दाखवला की काम अडत नाही.