पंधरा महिने, तेरा कप आणि उरलेले सात

कॉफी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर दुसऱ्या खेपेलाच विषय मिटला असता आणि एवढं लिहायची वेळ आली नसती.

बडोद्याच्या ओल्ड पाद्रा रोडवरून आत वळलं की एका गल्लीत हे कॉफीचं दुकान आहे. साखळीतलं नाही, इथल्याच एका तरुण माणसाने स्वतःच्या हिमतीवर काढलेलं. नाव लिहीत नाही. मालकाची मावशी आमच्या नणंदेच्या ओळखीची निघाली; बडोद्यात हे असंच होतं. फेब्रुवारी २०२४ ते मे २०२५ असे पंधरा महिने मी तिथे आठवड्यातून दोनदा तरी जात होते. हिशेब लिहिण्याचं काम घरून करते, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा वरचा मजला मार्चपासून दुपारी बसण्यासारखा राहत नाही. लॅपटॉप घ्यायचा, स्कूटर काढायची, दोन तास तिथे.

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ. तीही पाहुणे आले किंवा रात्री जागायचं असलं तरच. बाकी चहा. त्यामुळे मशीनच्या कॉफीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ते शिकवलं मालकानेच. पहिले तीन-चार महिने तो स्वतः मशीनवर उभा असायचा आणि विचारलं की हौसेने सांगायचा. दाणे चिकमगळूरचे, अरेबिका, एस-७९५ जातीचे. पाकिटावर भाजल्याची तारीख बघायची. अठरा ग्रॅम पूड, त्यातून छत्तीस ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो, म्हणजे मशीनने दाबाखाली उतरवलेली घट्ट कॉफी, आणि तो उतरायला पंचवीस ते तीस सेकंद. लवकर उतरला तर आंबट आणि पाणचट, फार रेंगाळला तर कडू. एकदा तर त्याने मुद्दाम बिघडवलेला कप शेजारी ठेवून मला दोन्ही चाखायला लावले. त्या दिवशी मला खरंच वाटलं, चला, आपल्या गावात एक जाणकार माणूस आला.

पण मोजमाप त्यानेच हातात दिलं, आणि पुढे मी मोजायला लागले.

जूननंतर तो दिसेनासा झाला. दुसऱ्या जागेची खटपट चालू होती म्हणे. मशीनवर तीन मुलं आलटून पालटून. त्यातला एक छोटाउदेपूर जिल्ह्यातला, जेमतेम बाविशीचा, हात असा की मालकापेक्षा सरस. सकाळी आला की आधी दोन कप काढून बघायचा, ओतून द्यायचा, पूड किती बारीक यावी ते बघून ग्राइंडर अर्धा आटा फिरवायचा, मग गिऱ्हाईक. पावसाळ्यात हवा दमट झाली की तीच पूड वेगळी वागते, रोज जरा फिरवावं लागतं, हे त्याला बरोबर माहीत. बाकीच्या दोघांना ग्राइंडरला हात लावायची मनाई होती. म्हणजे तो असेल त्या दिवशी कॉफी, नसेल त्या दिवशी नशीब. काउंटरजवळच्या स्टुलावर बसून मी फोनमध्ये सेकंद मोजले आहेत: एका मंगळवारी सतरा, त्याच आठवड्यात शनिवारी एकेचाळीस. कॅपुचिनोचे १८० रुपये मात्र दोन्ही दिवशी सारखेच. हे मी मालकाच्या कानावर घातलं तर म्हणाला, "बेन, मशीन इटलीचं आहे, त्यात फरक पडत नाही." मशीनबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

जुलैमध्ये एकदा सासऱ्यांना घेऊन गेले. वय ८१, विद्यापीठातून निवृत्त झालेले, सगळं उकळतं लागतं. कपाला हात लावला आणि म्हणाले, "ही कोमट आहे, जरा गरम करून दे रे." त्यावर काउंटरवरच्या मुलाने पाठ केलेलं सांगितलं: दूध पासष्ट अंशांच्या वर नेलं तर गोडवा जातो, म्हणून "काका, आ तो आवुं ज होय." म्हणजे, ही अशीच असते. बाबा गप्प बसले. चारचौघांत वाद घालायचा त्यांचा स्वभाव नाही. नियम खोटा नाही, मलाही तोच शिकवलेला. पण मी समोरच बसले होते. कप भरून झाल्यावर सहा मिनिटं काउंटरवर पडून होता, कारण टेबलावर आणून देणारा एकच आणि तो बाहेर डिलिव्हरीवाल्याशी बोलत होता. आमच्या इथे सेवउसळीच्या गाडीवर रस्सा गार वाटला तर न मागता वर गरम तरी पडते, आणि तिथे प्लेटला या कपाच्या पाव पैसेही लागत नाहीत. घरी आल्यावर बाबांनी स्वतः जायफळ किसलं. मला अर्धा कप दिला, बोलले काहीच नाहीत.

आता पासबद्दल. मला खरी चीड आली ती इथे.

जूनच्या सुरुवातीला त्यांनी वीस कपांचा पास काढला. ३,००० रुपये आगाऊ, म्हणजे कप १५० ला पडतो, मुदत नव्वद दिवस. हिशेब माझा धंदाच आहे. माझ्या जाण्याला हे परवडत होतं, घेतला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तेरा कप झाले. मग विश्वामित्री नदीचा पूर. त्या पुराबद्दल बडोदेकरांना काय सांगायचं? पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, फतेगंज, अकोटा, समा, कुठे कुठे घरात शिरलं, सोसायट्यांमधून मगरी काढल्या. या दुकानातही गुडघाभर पाणी होतं. मी स्वतः फोन करून विचारपूस केली होती. बारा दिवस दुकान बंद. उघडलं तेव्हा माझ्या पासाचे दोन दिवस उरले होते आणि कप सात.

मला नुकसानभरपाई नको होती, सूट नको होती. जितके दिवस शटर खाली होतं तितके दिवस पुढे ढकला, एवढंच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टम लेती ज नथी, बेन." सिस्टम घेतच नाही. मालकाला व्हॉट्सॲप केला. दोन दिवसांनी पासाच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो आला आणि खाली हात जोडलेले. मुदत वाढवता येत नाही. सात कप म्हणजे १,०५० रुपये. त्याचं पुरात नुकसान झालं हे मला मान्य आहे, बरंच झालं असणार. पण ते पैसे त्याच्याकडे जूनपासून जमा होते, पुरात वाहून गेले नव्हते. "बेन, यंदा फार अडचण आहे, हे सात कप सोडून द्या" असं तोंडाने म्हणाला असता तर मी सोडले असते. फोटो आला म्हणून सोडवत नाहीत.

तरीही जात राहिले, हे कबूल करते. त्या छोटाउदेपूरच्या मुलासाठी, आणि जवळपास दोन तास बसायला दुसरी जागा नाही म्हणून. वायफाय ठीक. गाणी मोठ्याने. एसी कधी असतो, कधी नसतो. दाण्यांचं पाकीट दोनदा नेलं. दुसऱ्या वेळी भाजल्याची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची निघाली आणि किंमत तीच, ५५०. ज्याने मला तारीख बघायला शिकवलं त्याच्याच दुकानात.

एप्रिलमध्ये बिलावर नवी ओळ आली: सर्व्हिस चार्ज १० टक्के. दोन कॅपुचिनोचे ३६०, त्यावर ३६, आणि मग त्या ३९६ वर ५ टक्के जीएसटी. ४१५ रुपये ८० पैसे. एरवी ३७८ होतात. म्हणजे सेवेच्या पैशावरही कर आमच्याच खिशातून. गंमत अशी की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. देशभर पेपरांत बातमी आली, आणि आमच्या गल्लीत त्याच्या पुढच्याच महिन्यात चार्ज सुरू! मी काढायला सांगितला. काढला, पण तोंड वाकडं करून. पुढच्या खेपेला परत लावलेला. परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर काढून समोर ठेवला, तेव्हापासून माझ्या बिलात आला नाही. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं बसायची, त्यांच्या बिलात येतच राहिला. ती बघतही नसत.

त्या छोटाउदेपूरच्या मुलाला मी हळूच विचारलं, यातलं तुम्हाला काही मिळतं का. हसला. "अमने तो कंई मळतुं नथी, बेन." आम्हाला काहीच मिळत नाही. मे महिन्याच्या मध्यावर तो दिसेना झाला. मॉलमधल्या एका मोठ्या साखळीत लागला, पगार बराच जास्त, आठवड्याची सुट्टी ठरलेली. लाखो रुपयांचं मशीन जागच्या जागी आहे आणि ते चालवता येणारा एकुलता एक माणूस मशीनच्या मानाने थोड्याशा पगारासाठी हातचा गेला. धंदा माझा नाही, पण ताळेबंद वाचता येतो. मला तरी हा खर्च चुकीच्या रकान्यात टाकलेला दिसतो.

त्यानंतर दोनदा गेले. एकदा सतरा सेकंदांची कॉफी मिळाली. दुसऱ्यांदा मोजलंच नाही, अर्धा कप ठेवून उठले. आता घरी मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, आणलाय, दाणे थेट चिकमगळूरहून मागवते. वरच्या मजल्यावर कूलर बसवला. बाबा रोज चार वाजता वर येतात, माझी कॉफी हुंगून "आंबट आहे" म्हणतात आणि स्वतःच्या कपात जायफळ किसतात.

तुम्हाला जायचंच असेल तर रविवारी सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा अजूनही कधीकधी मालक स्वतः मशीनवर असतो आणि त्याच्या हातचा कप खरोखर १८० रुपयांचा असतो. काउंटरजवळ बसा, कप भरला की स्वतः उठून घ्या. बिल वाचल्याशिवाय फोन पुढे करू नका. पास घेऊ नका. माझा अजून पर्समध्ये आहे, सात चौकोन कोरे.