झोन दाखला आणि पूररेषेचा भाग नकाशा : रेषा मिळते, पातळी मागावी लागते

नदीकाठच्या गावात प्लॉट बघणारा माणूस हल्ली एवढे तरी विचारतो, "ब्लू लाइनमध्ये (पुराच्या निळ्या रेषेच्या आत) नाही ना?" विकणारा लगेच झोन दाखल्याची, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या वापराची आहे हे सांगणाऱ्या कागदाची, झेरॉक्स पुढे करतो. तो दाखला खरा असतो. तरीही त्यावर विसंबून जोते बांधले, तर ते पुराच्या पाण्याखाली राहू शकते. म्हणून या सरकारी सेवेचे हे परीक्षण : झोन दाखला, त्यासोबतचा भाग नकाशा (विकास आराखड्याच्या नकाशाचा आपल्या जमिनीपुरता तुकडा) आणि पाटबंधारे विभागाकडून मिळणारी पूरपातळी. तिन्ही मिळून पाचपैकी तीन गुण. नुसत्या दाखल्याला दीड.

आधी नियम, कारण त्याच्याशिवाय दाखल्यातली ओळ वाचता येत नाही. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे वाहनतळ, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, बाग, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या असल्याच गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंचीवर. निळ्या पट्ट्यातल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकासही याच उंचीवर आणि पाटबंधारे विभागाचे ना-हरकत घेऊन होऊ शकतो. विकासयोग्य झोनमधल्या प्लॉटचा काही भागच रेषेत येत असेल, तर त्या भागाचा एफएसआय (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम) उरलेल्या जमिनीवर वापरता येतो. ही सवलत अनेकांना माहीत नसते आणि ते प्लॉटची किंमत उगाच पाडून मागतात किंवा प्लॉट सोडून देतात.

निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे "वर्षांतून एकदा" प्रकरण फार फसवे आहे. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. मागच्या वर्षी आला म्हणून पुढची चोवीस वर्षे सुट्टी नाही. ३० वर्षांचे गृहकर्ज फेडेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. लाल रेषेसाठी तोच हिशेब सुमारे २६ टक्के. चारात एक. कर्ज देणारी बँक यापेक्षा कमी धोक्यालाही जामीनदार मागते.

आता दाखला. अर्ज नगररचना विभागात किंवा नागरी सुविधा केंद्रात, सोबत ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत. शुल्क ठिकाणानुसार बदलते, पण मुद्रांक शुल्कापुढे किरकोळच. हातात येतो तो एक पानी कागद : रहिवासी की शेती झोन, रस्त्याची रुंदी, आरक्षण, आणि असलीच तर "निळ्या पूररेषेने अंशतः बाधित" अशी ओळ. अंशतः म्हणजे किती, हे दाखला सांगत नाही. ते भाग नकाशावर बघायचे. म्हणून दोन्हींचा अर्ज एकाच वेळी करावा, दोन खेपा वाचतात.

भाग नकाशाची अडचण प्रमाणाची. १:४००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. छापलेली रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ती २ मीटर जागा झाकते. त्यात झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर कागद थोडा ताणलेला किंवा आक्रसलेला असतो. पाच गुंठ्यांच्या प्लॉटला या चुकीतून पुढचे मार्जिन, म्हणजे इमारतीपुढे सोडायची मोकळी जागा, जाऊ शकते. नकाशावर पट्टी ठेवून "तीन मीटरने सुटलो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मोजणी नकाशाचे सहनिर्देशांक आणि पूररेषेची मूळ डिजिटल फाईल एकमेकांवर बसवूनच अंतर काढावे, आणि ते वास्तुविशारदाकडून सहीनिशी घ्यावे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की नियम रेषेवर चालत नाही, पातळीवर चालतो. "लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर" यातला आकडा दाखल्यात नसतो, भाग नकाशातही बहुधा नसतो. तो पाटबंधारे विभागाच्या पूररेषा नकाशावर असतो. त्या नकाशात नदीला आडवे छेद घेतलेले असतात; प्रत्येक छेदाला साखळी क्रमांक (नदीच्या लांबीवर मोजलेले अंतर), निळी पातळी आणि लाल पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. या तिसऱ्या कागदासाठी कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. सेवेचा हा भाग सर्वांत कामाचा आणि सर्वांत कमी मागितला जाणारा.

पातळी कशी काढायची ते एकदा आकड्यांत बघू. समजा प्लॉटच्या वरच्या बाजूच्या छेदाला, साखळी ४२०० मीटरला, लाल पातळी ५४८.६० आहे आणि खालच्या छेदाला, ४५०० मीटरला, ५४८.१५. म्हणजे ३०० मीटरमध्ये ०.४५ उतार. (छेद वरून खाली मोजले आहेत की खालून वर, हे आधी बघावे, उलटे धरले की उत्तरही उलटे.) प्लॉट ४३०० ला असेल तर तिथली लाल पातळी ५४८.४५. त्यात ०.४५ मिळवले की जोते ५४८.९० ला. जमीन ५४७.२० ला असेल तर जोते जमिनीपासून १.७० मीटर वर. १५ सेंटिमीटरची पायरी धरली तर बारा पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार करायचा तर वीस मीटरहून लांब, शिवाय मधले विसावे. छोट्या प्लॉटवर हे पुढच्या मार्जिनमध्ये मावत नाही. ही गोष्ट नकाशा मंजुरीला गेल्यावर कळण्यापेक्षा इसार देण्याआधी कळलेली बरी.

यात सर्वाधिक चुका बेंचमार्कच्या, म्हणजे ज्या ठरावीक उंचीच्या खुणेपासून पातळी मोजतात तिच्या, होतात. साइटवरचा सर्व्हेअर कोपऱ्यातल्या दगडाला १००.००० धरून लेव्हल काढतो आणि नकाशात ५४८ काहीतरी असते. मग कोणीतरी अंदाजाने दोन्ही जुळवतो. योग्य मार्ग म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या किंवा पाटबंधारे विभागाने त्याच पूररेषेसाठी वापरलेल्या बेंचमार्कपासून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) पातळी आणायची आणि मोजत परत त्याच खुणेवर येऊन फेरी बंद करायची. साध्या लेव्हलिंगला २४ गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ एवढे मिलिमीटर चूक चालते. दोन किलोमीटरच्या फेरीत साधारण ३४ मिलिमीटर. याहून जास्त आली तर काम पुन्हा. डीजीपीएसवाला (उपग्रहाच्या आधारे मोजणी करणारा) "लेव्हल पण देतो" म्हणाला तर विचारावे, कोणती? त्याच्या यंत्राची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते आणि महाराष्ट्रात दोन्हींमध्ये कित्येक दहा मीटरचा फरक पडतो. मोबाईलमधल्या अॅपची उंची तर जोत्यासाठी विचारातही घेऊ नये.

आणखी एक घोळ फुटांचा. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत सांगतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, २०१९ ला ५५ फूट ७ इंच. हे फूट तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. ते ३.२८ ने भागून लाल रेषेशी ताडून पाहणारे लोक आहेत. मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते मिळाल्याशिवाय ही तुलना होत नाही. शिवाय बंधाऱ्यापाशी असलेली पातळी आणि दोन किलोमीटर वरच्या अंगाला असलेली पातळी एक नसते.

सेवेच्या उणिवा. पहिली, रेषा कधीच्या सर्वेक्षणाची आहे हे दाखल्यावर ठळक नसते. छेद घेतल्यानंतर नदीवर पूल झाला, काठावर भराव पडला, भिंत उभी राहिली, तर तोच विसर्ग आता जास्त उंचीने वाहतो. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट पाणी) आणि लाल रेषा १ लाख क्युसेकची मानली जाते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटले असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. यातून लोक दोन अर्थ काढतात. रेषा चुकली हा एक. दुसरा जास्त सरळ आहे : निळी रेषा ही पाण्याची बाहेरची कड आहे, आत राहणाऱ्याकडे पाणी ६० हजारांची वाट बघत थांबत नाही. त्यात धरणाखालच्या पाणलोटातला पाऊस वेगळाच येऊन मिळतो. विकास आराखड्यातली रेषा आणि पाटबंधारे विभागाची ताजी रेषा जुळत नसतील तर ताजी धरावी. नियमही त्या विभागाने वेळोवेळी ठरवलेल्या रेषाच मानतो.

दुसरी उणीव मोठी आहे. पूररेषा नद्यांच्या असतात. ओढे-नाले बहुतेक ठिकाणी सुटलेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात माणसे वाहून गेली ती आंबिल ओढ्याच्या पुरात. त्यामुळे दाखल्यात पूररेषेचा उल्लेख नाही याचा अर्थ "पूर नाही" असा होत नाही, "इथे रेषा आखलेली नाही" असाही होऊ शकतो. गाव नकाशावर ओढ्याची दुहेरी रेघ कुठून जाते ते बघून प्लॉटवर उभे राहावे. रेघ प्लॉटमधून जाते आणि जागेवर ओढा दिसत नाही, तर तो बुजवला आहे किंवा पाइपात घातला आहे. दोन्ही परिस्थितींत पाणी जुनी वाट विसरत नाही.

नियमाचा अर्थ लावताना होणारी चूकही इथेच सांगायला हवी. जोते उंच करा म्हटले की लोक अख्खा प्लॉट मुरमाने भरतात. भरावाने घेतलेली जागा पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे शोधते. त्याऐवजी खांबांवर उचललेले जोते, खाली मोकळी जागा, हे बरे. मोकळी म्हणजे खरेच मोकळी. नंतर तिथे चार इंची विटांच्या भिंती घालून खोल्या काढल्या की मांडणी फसते. एका बाजूला १ मीटर पाणी तुंबले तर भिंतीच्या दर धावत्या मीटरवर सुमारे ५०० किलोचा जोर येतो, दीड मीटरला ११२५ किलो. पाणी दीडपट, जोर सव्वादोनपट. कुंपणाची भरीव भिंत म्हणूनच आधी आडवी होते. तिथे जाळी लावावी.

दाखल्यात आणि मंजुरीच्या छाननीत सहसा न येणाऱ्या बाबी : वीज मीटरचे पॅनल लाल पातळीच्या वर, लिफ्टचे नियंत्रण वरच्या मजल्यावर, सेप्टिक टँकच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला एकमार्गी झडप, नाहीतर पुराचे पाणी दारातून येण्याआधी संडासातून येते. जमिनीखालची पाण्याची टाकी पुराचा इशारा मिळताच भरून ठेवावी. १० हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडाली की तिला निदान १० टनांची उचल मिळते. टाकीचे वजन आणि वरची माती त्याला पुरी पडली नाही तर ती फरशी फोडून वर येते.

ही सेवा कोणी घ्यावी? नदीपासून काही शे मीटरच्या आत जमीन घेणाऱ्या प्रत्येकाने, बिल्डरच्या फ्लॅटच्या बाबतीतही, कारण वाहनतळ आणि ट्रान्सफॉर्मर कोणत्या पातळीवर आहेत हे माहितीपत्रकात छापत नाहीत. गुंठेवारीतला (परवानगीविना तुकडे पाडून विकलेला) प्लॉट नियमित झालेला असला तरी हे तिन्ही कागद काढावेत. नियमितीकरणाने जमिनीची पातळी बदलत नाही. टेकडीवरच्या प्लॉटवाल्याने नुसता झोन दाखला घेतला तरी भागते.

अर्जात "पूररेषेबाबत माहिती मिळावी" एवढेच लिहिले तर "बाधित" किंवा "बाधित नाही" असे एका शब्दाचे उत्तर येते. त्याऐवजी असे लिहावे : "गट क्रमांक अमुकच्या वरच्या व खालच्या लगतच्या छेदांचे साखळी क्रमांक, त्या छेदांवरील निळी व लाल पूरपातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, सर्वेक्षणाचे वर्ष, गृहीत धरलेला विसर्ग आणि वापरलेल्या बेंचमार्कचे स्थान व मूल्य, नकाशाच्या प्रमाणित प्रतीसह मिळावे." पोच घ्यावी, त्यावर तारीख आणि शिक्का बघावा.