‘इटलीहून आलेली’ थ्री-नॉट-थ्री

एका जुन्या रायफलीपायी साडेसहाशे डॉलर गेले, त्याचं आता फारसं वाटत नाही. ज्या गोष्टीला भुलून ते दिले, ती गोष्ट मीच त्या माणसाला सांगितली होती, हे मात्र अजून सलतं. टेक्सासातल्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, हल्ली बरीच मराठी मुलं दिसतात, म्हणून हे लिहितोय. हसायचं तर हसा, पण वाचा.

मी बोपोडीचा. शेजारी खडकीचा दारूगोळा कारखाना, त्याच्या भोंग्यावर आमच्या घरची घड्याळं लागायची. बंदूक म्हणजे बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या पोलिसाच्या मांडीवरची, एवढीच ओळख. इथे व्हिसावर होतो तोवर विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. व्हिसावरच्या माणसाला काही अपवाद सोडले तर बंदूक घेताच येत नाही. पण मित्रांबरोबर दुकानात जायचो. तिथे मोसिन-नागां या जुन्या रशियन लष्करी रायफली एका पिंपात उभ्या असायच्या. रसवंतीबाहेर ऊस उभा करून ठेवतात ना, अगदी तशा. माझ्या एका मित्राने त्यातली एक उचलली, ८९ डॉलरला. सोबत ४४० गोळ्यांचा सीलबंद पत्र्याचा डबा, तो उघडायला चावीसुद्धा. घरी आणून त्याने ती मेणचट तपकिरी ग्रीस पुसण्यात आख्खा रविवार घालवला, बायकोचा हेअर ड्रायर कामाला लावून. संध्याकाळी लाकूड असं उजळलं की मला त्याचा हेवा वाटला.

त्या स्वस्ताईला कारण आहे. १८९१ सालचं डिझाइन, दोन महायुद्धांत कोट्यवधींच्या संख्येने बनलेलं, आणि शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातली कोठारं रिकामी झाली तेव्हा सगळा माल इकडे आला. त्याआधीही असंच होतं. केनेडींवर झाडलेली इटालियन कार्कानो रायफल पोस्टाने मागवलेली होती, दुर्बिणीसकट, टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. पुढे १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी माल आणणं बंद झालं, १९८४ मध्ये जुन्या संग्राह्य हत्यारांपुरतं दार पुन्हा किलकिलं केलं गेलं. त्या दारातून चिनी, रशियन, तुर्की, झेक आणि आपल्या बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या रायफली आल्या. बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे नळीचं मागचं तोंड हाताने सरकवायच्या खिटीने मिटणाऱ्या रायफलीची, रचना साधी: बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. हाताला कळतं की आत काय चाललंय. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खांद्यावर असलेली वस्तू एका चांगल्या बुटांच्या जोडीच्या पैशांत मिळायची. मोह न होणारा माणूस विरळाच.

मला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत भाव चढायला लागले होते. पिंपं गायब. जो तो म्हणायचा, आता घेतलीस तर घेतलीस. माझा पाय घसरला तो इथे. स्वस्त वस्तूपेक्षा संपत आलेली स्वस्त वस्तू जास्त धोक्याची.

त्या शनिवारी शोमध्ये एका कोपऱ्यातल्या टेबलावर ली-एनफिल्ड दिसली, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. आखूड, नाकाड तोंडाची, ती ओळखायला चूक होत नाही. दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या पट्टीवर मुकुट, खाली जी.आर.आय., इशापूर, १९४३. ही अक्षरं म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर. हिंदुस्थानात बनलेल्या रायफलीवर शेवटचा ‘आय’ असायचा, विलायतेतल्या रायफलीवर नसायचा. मी ती हातात घेतली आणि पोपटासारखा बोलत सुटलो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, बेळगावला भरती झाले, इटलीत लढले, आमच्या साताऱ्याच्या घरात त्यांचा रायफल घेतलेला फोटो आहे. माणगावच्या यशवंत घाडग्यांना तिथल्याच १९४४ च्या जुलैमधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर, हेही सांगितलं. टेबलामागचा साठीचा गृहस्थ टोपी मागे सरकवून अगदी मन लावून ऐकत होता. मला वाटलं, किती सज्जन.

पंधरा मिनिटांनी मी दुसरी चक्कर मारून परत आलो, तर रायफलीला इतिहास फुटला होता. म्हणे त्याच्या मामाने ही युद्धातून घरी आणली. कुठून? इटलीहून. एका हिंदी शिपायाची. प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळट कागदाची झेरॉक्स: युद्धातली वस्तू घरी न्यायला अमेरिकन सैनिकाला अधिकारी जी परवानगी लिहून द्यायचे, तसला कागद. सगळे नंबर जुळतात, म्हणाला. वर पाच जुनी काडतुसं हातावर ठेवली. बुडावर ‘के एफ’. किर्की फॅक्टरी. खडकी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. त्याने आठशे सांगितले, मी साडेसहाशेला आणले आणि वर स्वतःला हुशार समजलो.

आता थंड डोक्याने बघा. तो परवानगीचा कागद शत्रूकडून घेतलेल्या वस्तूंसाठी असायचा. हिंदी सैन्य अमेरिकेच्या बाजूने लढत होतं. मामाने रायफल घेतली कुणाकडून, आपल्याच दोस्ताकडून? शाळेत इतिहासाला बऱ्यापैकी मार्क असलेल्या माझ्या डोक्यात हा प्रश्न तिथे आला नाही. घरी येताना गाडीतही आला नाही. आला तो तीन आठवड्यांनी, तोवर सगळं उघडं पडलं होतं.

नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने विचारलं, हेडस्पेस तपासलीत का? म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती जागा उरते ते. जास्त उरली तर पितळी पुंगळी मागे ताणून फाटते आणि तप्त वायू तोंडाकडे येतो. मी म्हटलं, सगळे नंबर जुळतात. तो म्हणाला, तरी दाखवा. त्याचा जरा रागच आला होता. त्याचे उपकार आयुष्यभर फिटायचे नाहीत.

बंदूक दुरुस्त करणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले. त्यांनी आधी बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी भिंग धरलं आणि मला बघायला लावलं. बॉडीवरच्या नंबरातला ४ वर उघडा होता, बोल्टवरचा ४ मिटलेला. त्याखाली, घासून काढलेल्या जुन्या नंबराची पुसट सावली. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा, नंबर नंतर ठोकलेला. मग गेज. थ्री-नॉट-थ्रीसाठी काडतुसाच्या कडेजवळ बसणाऱ्या मापांचा एक संच असतो. त्यातलं शेवटचं, ०.०७४ इंचाचं, ‘फील्ड’ म्हणतात त्याला. त्यावर बोल्ट मिटता कामा नये. माझा बोल्ट एका बोटाने मिटला. लोण्यात सुरी जावी तसा.

‘लाकूड काढू का?’ म्हणाले. काढलं. बॅरलवर काळा रंग होता. भारतात दुरुस्तीला जाऊन आलेल्या अनेक रायफलींवर असा रंग असतो, त्यामुळे मी तो अस्सलपणाची खूण समजलो होतो. त्यांनी कापसावर द्रावण घेऊन तो पुसला. पुढे नळीच्या टोकाजवळ भरलेल्या खाचा दिसल्या: आयातदाराचा शिक्का, पुट्टीने बुजवून रंगवलेला. असा शिक्का असलेली रायफल १९६८ नंतर, बहुधा ८४ चं दार उघडल्यावर, कंटेनरमधून व्यापारी मालाबरोबर आलेली. मामा आणि इटली तिथेच संपले. बॉडीच्या बाजूला घासूनही उरलेली दोन अक्षरं: डी पी. ड्रिल पर्पज. कवायतीची. आणि नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं बरोब्बर त्याच्यावर, एक वाटोळा डाग. कवायतीची रायफल चुकूनही झाडली जाऊ नये म्हणून तिथे कधीकधी भोक पाडतात. ते कुणीतरी वेल्डने बुजवून कानशीने सपाट केलं होतं, वर लाकडाचं आवरण. गोळी झाडताना माझा गाल तिथून वीतभर अंतरावर असता.

दुकानात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हातारबाबा फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी टाचणी, काढून एका लिफाफ्यात घालत म्हणाले, ‘खोटं यात एकच आहे, नंबर. बाकी प्रत्येक तुकडा खरा आहे.’ हे मला फार पटलं. १९४३ ची इशापूर ती होतीच. पेशावर आणि कोहाटच्या मधल्या दर्रा आदमखेलला हाताने घडवलेल्या नकलांबद्दल मी वाचलं होतं, उलटा ‘एन’ कोरलेल्या, व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये गेल्यावरही तिच्या नावाचा शिक्का मिरवणाऱ्या. तसलं काही असतं तर मी ओळखलं असतं, हा माझा माज. इथे तर अस्सल वस्तूच निवृत्तीतून उठवून आणली होती.

पैसे परत मिळाले का, हे सगळे विचारतात. नाही. रोख व्यवहार, पावती नाही. एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांमध्ये असा व्यवहार इथे कायदेशीर आहे, कागद लागत नाही, आणि अशा सुटसुटीतपणाचं आम्हाला कोण कौतुक! दिलेला फोन नंबर बंद. शोच्या आयोजकांनी सांगितलं, टेबल भाड्याने देतो, मालाशी आमचा संबंध नाही. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर दावा कसा ठोकायचा? पुन्हा तसं टेबल दिसलं तर निदान टेबलावरच्या पाटीचा आणि त्या माणसाच्या गाडीचा फोटो आधी काढून ठेवीन. पावतीवर ‘झाडण्यास सुरक्षित म्हणून विकली’ एवढं एक वाक्य लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याला रायफलीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

टॉर्च न्या. बोल्ट काढू द्या म्हणावं आणि मागून नळीत बघा. रंग ताजा असेल तर नखाने खरवडायला लाजू नका. लाजून मी फसलो. बोल्टवरचा नंबर, बॉडीवरचा, नळीवरचा, पुढच्या टोपणावरचा, प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून आकड्यांचं वळण ताडून बघा. आणि तोंड बंद ठेवा. आजोबा, गाव, पलटण, यातलं काही टेबलापाशी काढू नका. जुनी लष्करी गोळी झाडली असेल तर त्या रात्रीच नळी गरम पाण्याने धुवा. काडतूस पेटवणाऱ्या जुन्या प्राइमरमधलं मीठ आत राहतं आणि दमट हवेत दोन दिवसांत नळी गंजते. विकणारे हे सहसा सांगत नाहीत. ती फसवणूक म्हणता येणार नाही, पण रायफल जाते ती जातेच.

पुण्याच्या मित्रांचे फोन येतात, आम्हालाही एखादी मिळेल का. बाबांनो, तिकडे थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापाची, आहे, परवाना असला तरी. ‘जुनी आहे, चालत नाही, फक्त भिंतीवर लावायला’ म्हणून कुणी ऑनलाइन विकत असेल तर आधी पैसे जातील आणि वस्तू खरोखर आलीच तर पाठोपाठ पोलीस येतील. ती पाच खडकीची काडतुसं मी गंमत म्हणून आईला दाखवायला सुटकेसमध्ये टाकणार होतो. बायकोने वेळेवर पाहिलं. सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. ती काडतुसं आता बंदूक दुरुस्त करणाऱ्या त्याच म्हाताऱ्या गृहस्थांकडे आहेत.

हे सगळं झाल्यावर साताऱ्याला काकांना फोन केला. म्हटलं, आबांच्या फोटोतली रायफल नीट बघून सांगा, कुठली आहे. काका हसायला लागले. ‘अरे, आबा खेचरांवर होते. इटलीच्या डोंगरात सामान वाहायचे. फोटोतली रायफल शेजारच्या खाटेवाल्याची, फोटोपुरती मागून घेतलेली. त्यांना विचारलं की खेचरांची नावं सांगायचे.’ मी विचारलं, मग आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नाही? म्हणाले, तुम्ही कधी विचारलंत?

गेल्या महिन्यात पुन्हा एका शोला गेलो. सवय सुटत नाही. एका टेबलावर स्वच्छ ठेवलेली मोसिन होती, भाव चारशे ऐंशी. खिशातून गेज काढलं आणि विचारलं, लावून बघू? विक्रेता म्हणाला, माझ्या मालात असलं काही घालायचं नाही. मी थँक्यू म्हटलं आणि पार्किंगकडे निघालो.