फुप्फुसातली गुठळी: व्ही-क्यू स्कॅन की सीटी अँजिओ?
१९६४ पासून फुप्फुसातला रक्तप्रवाह किरणोत्सारी कणांनी टिपता येऊ लागला. पुढे श्वासाच्या चित्राची जोड मिळून व्ही-क्यू स्कॅन (व्ही म्हणजे हवा, क्यू म्हणजे रक्तप्रवाह) झाला. हवा पोचते पण रक्त पोचत नाही, तिथे गुठळीचा संशय. पण संशयच! अहवालात ‘मध्यम शक्यता’ आली की नातेवाईक आणि डॉक्टर दोघेही अधांतरी.

१९९० च्या दशकात वेगवान स्पायरल सीटीमुळे, म्हणजे शिरेतून डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) देऊन केलेल्या सीटी अँजिओत, गुठळीच दिसू लागली: फुप्फुसधमनीतल्या पांढऱ्याशुभ्र डायमध्ये करडा डाग. स्कॅन काही सेकंदांत होतो, न्यूमोनिया असला तर तोही कळतो. रुग्णाला धाप लागलेली असताना मी सीटीच म्हणेन.

मात्र किडन्या कमजोर असतील किंवा डायची ॲलर्जी असेल, तर जुना व्ही-क्यू स्कॅनच बरा. गरोदरपणातही छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर आधी या जुन्या स्कॅनबद्दलच विचारावं. त्यात स्तनांना किरणोत्सर्ग कितीतरी कमी लागतो.