सायकलसाठी रेनपँट: कोटिंगची की मेंब्रेनची?

पंधरा-वीस मिनिटांचा सपाट रस्ता असेल तर पीव्हीसी किंवा पीयू कोटिंगची, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेली साधी रेनपँट पुरते. बाहेरचं पाणी ती अडवते, पण घामाची वाफही अडवते. चढावर जोर लावला की मांड्या आतून ओल्या होतात आणि वाटतं पँट गळतेय. ओल शिलाईच्या रेषेवर असेल तर बहुधा गळती, सगळीकडे पसरलेली असेल तर घाम.

मेंब्रेनची पँट, म्हणजे कापडाला आतून पातळ पडदा जोडलेली, पाणी अडवते पण वाफ बाहेर सोडते, म्हणून लांबच्या प्रवासाला तीच बरी. मात्र तिचे लाड करावे लागतात. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर झिजला की कापड पाणी पितं, वाफ कोंडते आणि महागडी पँट साध्या पँटसारखी वागू लागते. सौम्य लिक्विड साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरच्या मंद उष्णतेने थर बराचसा परत काम करतो. नाहीच केलं, तर त्यासाठीचा स्प्रे.

सीटवर दोन्ही हरतात. घासून कोटिंग उडतं, वजनाच्या दाबाने पाणी शिलाईतून आत शिरतं. म्हणून काहीही घ्या, पण जांघेत चार शिलाया एका बिंदूत मिळणारी पँट नको.

माप उभ्याने घेऊ नका. गुडघा वाकला की पँटची खालची कड वर चढते आणि पाणी थेट मोज्यात. सायकलच्या चेनच्या बाजूच्या पायाला वेल्क्रोचा पट्टा हवाच.